अण्णांचा तांब्या

शैलजानं पाण्याचा तांब्या उचलायला हात पुढे केला, तसा तिच्या वडिलांच्या मनगटावरचा पट्टा बोलला, "त्यांना स्वतः उचलू द्या."

हल्ली प्रत्येक म्हाताऱ्या मनगटावर असा पट्टा असायचा. अंगातली ताकद ओसरली, की तिच्यामागून स्मरणशक्तीही जाते; म्हणून ताकद घटू लागताच पट्टा आधीच सावध करायचा, कामं त्यांची त्यांना करू द्या म्हणायचा. अण्णांचाही कधीपासून सांगत होता. पण वडिलांना कामाला लावायचं म्हणजे शैलजाला पाप वाटायचं. "अण्णा, तुम्ही बसा," म्हणत तिनं बाजाराची पिशवी, झाडांची झारी, शेवटी जेवणाचा घाससुद्धा त्यांच्या हातातून काढून घेतला. पट्ट्याची कटकट नको म्हणून त्याचा आवाजही बंद केला. तो आज डॉक्टरांनी पुन्हा सुरू करून दिला होता.

तिनं हात मागे घेतला. "अण्णा, तुम्ही घ्या पाणी."

अण्णांनी दोन्ही हातांनी तांब्या वीतभर उचलला आणि थरथरत परत खाली ठेवला. मग पाहुणीकडे बघावं तसे ते तिच्याकडे बघून ओशाळं हसले.

"बसा तुम्ही, बाई. आमची शैला येईलच, ती देईल पाणी. मला काही उचलू देत नाही ती. फार जीव आहे तिचा माझ्यावर."