बारा कार्यक्रम

"ती बोलणार नाही," जगदेवराव फोनवर म्हणाले.

हर्षितला वडिलांच्या या बोलण्याचं नवल वाटलं नाही. देवासहून निघायच्या आधी दोन महिने आई त्याच्याशी बोलत नव्हती. निघायच्या दिवशी तिने दह्याची वाटी ओट्यावर ठेवली आणि ती आत निघून गेली. हातावर दही त्याने स्वतःच घेतलं.

आता तो जर्मनीत होता. बँडचा परदेशातला पहिला दौरा, लहान लहान गावांत बारा कार्यक्रम. मागे ना कुठली कंपनी, ना मॅनेजर. गाणी हर्षितची, गिटार वाजवायचा तोच. ड्रमवर देवासचा विपुल, बेस गिटारवर धारचा पियूष.

"आबा, पोचून चार दिवस झाले. दोन कार्यक्रमही झाले. तिला एवढं तरी सांगा."

"सांगतो."

घरात बरीच माणसं असावीत. मागे बोलणं ऐकू येत होतं.

"कोण आलंय?"

"धारची मंडळी. प्रतापमामा वगैरे."

"माझ्या नावानं खडे फोडायला?"

"त्यांनी येऊ नये का? ठेवतो."

प्रतापमामाने त्याला देवासच्या एका कारखान्यात चिकटवलं होतं. सात महिन्यांत हर्षितने ती नोकरी सोडली. त्याआधी इंजिनीअरिंगचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. आई गाण्याला कधी नावं ठेवत नसे. ती शेवटचं बोलली ते एवढंच: "कॉलेज अर्धं, नोकरी अर्धी. हेही अर्ध्यावर टाकून येशील. एक गोष्ट शेवटपर्यंत नेऊन दाखव, मग बोलेन मी तुझ्याशी."

हर्षितने ठरवलं होतं. प्रत्येक गावचं पोस्टर घ्यायचं आणि बाराच्या बारा पोस्टरं तिच्यापुढे नेऊन टाकायची.

पाचव्या कार्यक्रमानंतर सगळं बिनसलं. त्याचं मालवी गाणं संपलं तेव्हा पुढच्या रांगेत चार माणसं उरली होती.

"भिया, तेरा गाना शुरू होते ही आधा हॉल बिडी प्यायला बाहेर जातो," व्हॅनमध्ये विपुल म्हणाला.

"जर्मन लोक बिडी पीत नाहीत."

"तुझं गाणं ऐकून शिकले," मागून पियूष म्हणाला. दोघं पोट धरून हसले.

सहाव्या कार्यक्रमाला त्या दोघांनी त्याला न विचारता यादी बदलली. हर्षितच्या आठ गाण्यांपैकी तीनच ठेवली. बाकी सगळी सिनेमाची, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजतात ती. कार्यक्रम संपताच हर्षितने पियूषची कॉलर धरली. विपुलने मध्ये पडून हर्षितला असं ढकललं, की त्याचा ओठ फुटला.

"जा ना घर! तेरी माँ सही बोलती है," विपुल ओरडला. "तू आजपर्यंत काय पुरं केलंयस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षितने बॅग भरली. तिकीट अलीकडचं करून मिळत होतं, ते त्याने विचारून ठेवलं होतं. गिटार पेटीत घालून तो खटके लावत होता, तेवढ्यात हॉटेलच्या बाईने दार वाजवलं. खाली त्याच्यासाठी हिंदुस्थानातून फोन होता.

आबांनी आपणहून फोन करायची ही पहिलीच वेळ होती. हॉटेलांच्या नंबरांचा कागद त्याने निघताना त्यांना दिला होता.

"आबा? घरून बोलताय?"

"नेमावरहून. बूथवर आहे."

नर्मदाकाठचं नेमावर घरापासून चांगलं तीन-चार तासांवर.

"तिथे कशाला?"

"मामाच्या गाडीनं आलोय. काम आहे." मागे कुणीतरी मोठमोठ्याने "या, या" म्हणत कुणाला तरी बोलावत होतं. "तुझे कार्यक्रम किती राहिले?"

"सहा. पण मी परत येतोय. या लोकांबरोबर आता एक दिवस काढायचा नाही मला."

  आबांचा आवाज असा चढला, की त्याने तो तसा कधीच ऐकला नव्हता.

"यायचं नाही! अर्ध्यावर आलास तर दार उघडणार नाही. तुझी आई म्हणालीच होती."

"तिनेच फोन करायला लावला ना तुम्हाला?"

"हो. तिनेच."

"तीपण आलीये तिथे?"

"वाट बघतेय. लवकर बोल. बारा करशील की नाही?"

हर्षितचं डोकं भणभणलं. एवढ्या लांब येऊनही ही बाई त्याला हरवायला टपली होती.

"करतो! सांगा तिला. बाराच्या बारा करूनच येईन."

"शब्द?"

"शब्द."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला.

हर्षितने वर जाऊन बॅग उपसली. पुढचे सहाही कार्यक्रम त्याने केले. व्हॅनमध्ये तिघं एकमेकांकडे बघत नव्हते. स्टेजवर विपुल काठ्या आपटून ताल द्यायचा, तेवढंच काय ते बोलणं. पण त्याची आठही गाणी परत यादीत आली. त्याशिवाय गिटारला हात लावणार नाही, हे त्याने फोन झाला त्याच दिवशी सांगून टाकलं होतं. बाराव्या कार्यक्रमानंतर त्याने स्वतःच्या हाताने भिंतीवरचं पोस्टर सोडवून घेतलं.

इंदूरहून बस पकडून तो देवासला पोचला. आबांनी दार उघडलं. घरातल्या घरात त्यांनी डोक्यावर टोपी घातली होती. हर्षित त्यांच्या पायाही पडला नाही.

"कुठंय ती?"

उत्तराची वाट न बघता तो आतल्या खोलीच्या दारापाशी गेला आणि एकेक पोस्टर जमिनीवर पसरत गेला. शेवटचं चौकटीला टेकवून उभं केलं.

"आई, ये बाहेर! बारा आहेत. मोजून घे. आता तरी बोल!"

आतून आवाज आला नाही. तो आबांकडे वळला.

"अजून राग गेला नाही तिचा?"

जगदेवरावांनी टोपी काढली. भादरलेल्या डोक्यावर नुकते कुठे केस फुटत होते.

"नेमावरला पिंड ठेवून दोन तास झाले होते, कावळा शिवेना," ते म्हणाले. "तुझा शब्द सांगितला, तेव्हा शिवला."