नुसती चेन

"कोणी बसवली ही?" सायकलवाल्याने चेनवरून बोट फिरवत विचारलं.

सासरेबुवांनी आधी दुकानाच्या दाराबाहेर पाहिलं. रस्त्यावर ओळखीचं कोणी नव्हतं. "सुनेनं," ते हळूच म्हणाले.

सायकल स्टँडवर टांगलेली होती. डोंगरात चालवायची, जाड टायरांची, अंगावर ओरखडेच ओरखडे. तिच्यात नवी काय ती चेन, सोनेरी, झगझगीत. सायकलवाल्याने मागचं चाक दाबून धरलं आणि पेडलवर जोर दिला. कटकन आवाज झाला, चेन दात्यांवरून घसरली. पुन्हा जोर दिला, पुन्हा तेच.

"चढावर अशीच निसटते," सासरेबुवा म्हणाले. त्यांच्या गुडघ्याला पट्टी होती. घरी त्यांनी कुत्रं आडवं आल्याचं सांगितलं होतं. बिचाऱ्या कुत्र्याचं नाव उगाच खराब झालं.

"निसटणारच. चेनीत खोट नाही, भारीतली आहे. पण मागचे दाते जुन्या चेनीबरोबर झिजलेत. त्या दोघांचं जमलेलं होतं. आता ही आली, तर हिला बसायला जागाच नाही."

"मग दाते बदल."

"दाते सुटे मिळत नाहीत, काका. मागचा अख्खा संच घ्यावा लागतो. शिवाय पुढची चकती." त्याने किंमत सांगितली. सासरेबुवा नुसतेच बघत राहिले, म्हणून त्याने ती पुन्हा सांगितली.

"दोन दात किडले म्हणून अख्खी कवळी घ्यायची?"

"कंपनी तशीच विकते, त्याला मी काय करू? एवढ्यात लहान पोराची कोरी सायकल येईल, घंटीसकट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." त्याने हात पुसले. "जुनी चेन ठेवलीय का? तीच घालू. फुकटात काम होईल, आणि अजून वर्षभर कुरकुर करणार नाही."

सासरेबुवा नेमकं हेच ऐकायला आले होते. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्राची पुडी काढली. आत ती काळीकुट्ट चेन होती. सुनेने भंगारात टाकलेली, त्यांनी गुपचूप उचलून ठेवलेली.

सायकलवाल्याने पक्कड घेतली आणि नवी चेन जिथे जोडली होती ती कडी शोधली. मग तो थांबला. "पहिल्यांदाच केलं का हो तिनं हे? इथं बघा, किती खरवडलंय. दोनतीनदा चुकलीय. पण शेवटी बसवलीय मात्र झकास."

सासरेबुवांनी चष्मा वर करून पाहिलं. त्यांना सुनेची काळी नखं आठवली. ते दुपारचे झोपलेले असताना तिने मोबाइलवर बघत बघत हा उद्योग केला होता, पहिल्या पगाराची चेन आणून. "घरात येऊन चार दिवस झाले नाहीत, विचारायचं तरी," सासूबाई म्हणाल्या होत्या. सून नखं घासत राहिली होती. तेव्हापासून रोज सकाळी विचारायची, "चेन कशी आहे, बाबा?" ते म्हणायचे, "लोणी." आणि कोपऱ्यावरून वळलं की खाली उतरून सायकल हाताने ढकलत चढ चढायचे. खरी गोष्ट सासूबाईंच्या कानावर गेली असती, तर ती चेन सुनेच्या गळ्यात जन्मभर राहिली असती. सासूबाईंची स्मरणशक्ती दांडगी होती.

"थांब," सासरेबुवा म्हणाले. "तिला हात लावू नकोस. बाकीचं बदल."

"अहो, एका चेनीपायी?"

"बदल म्हटलं ना."

पुढच्या महिन्यात जुने मित्र डोंगरावर मुक्कामाला जाणार होते. त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी काउंटरवर ठेवले. वाईट वाटलंच. पण मित्रांना सांगायला गुडघा होता.

काम झालं. नव्या चकत्या आरशासारख्या चमकत होत्या. सासरेबुवांचा चेहरा पडला. "हे लगेच कळेल रे. जरा काळं फास याला."

नव्या मालाचे रोख पैसे मोजून वर त्याला काळं फासायला सांगणारं गिऱ्हाईक सायकलवाल्याने पाहिलं नव्हतं. पण त्याने जुन्या तेलाचं फडकं फिरवलं. उरलीसुरली चमक सासरेबुवांनी स्वतःच्या बोटांनी काळी केली. "आणि ही जुनी चेन?"

"ठेव तुझ्याकडेच. माझाच मला भरवसा नाही."

रोज मागच्या गल्लीने परतणारे सासरेबुवा त्या संध्याकाळी घरासमोरचा चढ पेडल मारत आले, अगदी फाटकापर्यंत. सून नुकतीच कामावरून येऊन उभी होती. सासूबाई पायरीवर बसून फाटक्या उशीच्या अभ्र्याला हाताने टाके घालत होत्या. कटकट नाही, काही नाही. बारीक सळसळ तेवढी ऐकू आली.

सून वाकली, चेनीवरून बोट फिरवलं आणि हसली. "पाहिलंत ना, आई? लोक उगाच सगळं बदलत बसतात. नुसती चेन बदलली तरी भागतं."

सासूबाईंनी सायकलीकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या काळ्या हातांकडे, जरा जास्तच वेळ. सासरेबुवांनी हात मागे घेतले.

"भागतं खरं," सासूबाई म्हणाल्या आणि दोरा दाताने तोडला. "हात चांगला आहे गं तुझा. सवड झाली की माझं शिलाईचं मशीन पण बघ. त्याचा पट्टा सारखा सुटतो."

सून लगेच आत गेली. आतून मशीनवरचं झाकण काढल्याचा आवाज आला.

सासरेबुवांनी फाटकातच उभं राहून खिसा चाचपला.