नजर चुकवल्याचा पुरावा

"आरोपीची आई त्याच्याशेजारी उभी राहील," आरोपीचे वकील राधाकृष्ण म्हणाले. "प्रश्न एका वेळी एकच विचारावा. आणि हातातलं रीळ काढून घेऊ नये."

आरोपी मच्छिंद्र, वय तिशीचं, पिंजऱ्यात दोऱ्याचं रिकामं रीळ बोटावर फिरवत होता. सायकलच्या दुकानात बसून चाकं फिरवणं हा त्याचा लहानपणापासूनचा उद्योग. त्या दुकानातली सायकल गेली, तेव्हा चोर शोधायला फौजदारांना फार लांब जावं लागलं नाही.

सरकारी वकील हसले. "हे कोर्ट आहे की बालवाडी?"

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लिहिता लिहिताच तिन्ही गोष्टी मंजूर केल्या. दोन वर्षांपूर्वी कोपरगावहून बदलून आल्यापासून ते मान खाली घालून लिहीतच होते. माणूस कामसू, असं बाररूमचं मत. पंख्याची खरखर त्यांना चालत नसे. त्यामुळे या कोर्टात चैत्र-वैशाखात न्याय घाम गाळूनच मिळे. शिपाई नबीलाल दौत, टाक, टाचण्यांची डबी एका रेषेत मांडून ठेवी. जरा हललं, की साहेब स्वतः सरळ करीत.

चांगुणा लेकाला खेटून उभी राहिली. "भिऊ नगं. रीळ हाय ना? मग झालं तर."

शिक्षा झाली तर तुरुंगात रीळही मिळणार नव्हतं आणि आईही.

फौजदार साक्षीला आले.

"सायकल सापडली?" राधाकृष्णांनी विचारलं.

"नाही. शेवगावच्या बाजारात विकली असणार."

"विकताना कुणी पाहिलं?"

"नाही."

"मग पुरावा?"

फौजदारांनी मिशीवरून बोट फिरवलं. "समोर उभं करून विचारलं. यानं मान वर केली नाही. खात्यात केस पांढरे झाले माझे. मनात पाप असलं की माणूस नजर देत नाही."

"अवो, पाळन्यात हुता तवापासनं त्यो कुनाकडं बघत न्हाई!" चांगुणा म्हणाली. "माझ्याकडंबी न्हाई. मग माझं काय चोरलंय त्यानं?"

"बाई, गप्प!" सरकारी वकील उठले. "साहेब, पुरावा लख्ख आहे. निर्दोष माणूस डोळ्याला डोळा देतो. खाली बघण्याचं त्याला कारणच काय?"

टाक थांबला. कोर्टात रीळ तेवढं फिरत राहिलं.

"फौजदार," साहेब कागदाला उद्देशून म्हणाले, "दोन वर्षं माझ्यासमोर साक्षी देताय. माझे डोळे काळे की घारे, सांगा बरं."