सरकतं कुंपण

"नऊ फोटो. नऊ वर्षांचे. एकामागून एक लावले की कुंपण चालताना दिसेल," फर्डिनंड म्हणाला आणि त्याने लॅपटॉप ओट्यावरच्या टेबलावर जवळजवळ आपटलाच. "मग बघतो, तो एरॉल कुठल्या तोंडाने बोलतो ते."

डेल्फिन, त्याची बायको, मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. "शेजारी आहे आपला. त्याच्या बापाने आपल्या लग्नात मांडव घातला होता."

"बापाने मांडव घातला आणि मुलगा आपली जागा घशात घालतोय. मोगऱ्यावर डोळा आहे त्याचा. दोन ओळींच्या सहा केल्यास तू, ते बघवत नाही त्याला."

"राहू दे ना. कशाला त्या फोटोंच्या मागे लागलात?"

राहू दे कसं? फर्डिनंडच्या अंगाची लाही लाही होत होती. पस्तीस वर्षं तो सकाळी सातला निर्मळ गावातून बँकेत जायला निघायचा आणि दिवेलागणीला परतायचा. कुंपणाकडे बघायला वेळ कुणाला होता? ते सगळं डेल्फिन बघायची. पावसाने खांब कलंडले की ती गडी लावून दर वर्षी ते सरळ करून घ्यायची. गेल्या वर्षी तो निवृत्त झाला, आणि पंधरा दिवसांपूर्वी केळीसाठी खड्डा खणताना त्याची पहार खांबाच्या कुजक्या बुंध्यावर आपटली. त्याच रेषेत आणखी चार बुंधे निघाले, कुंपणापासून चांगले चार हात अलीकडे, त्याच्या स्वतःच्या आवारात. म्हणजे एरॉलने इथवर येऊन खांब रोवून पाहिले होते. डेल्फिन बिचारी कुंपण सरळ करणार आणि हा गुपचूप आत ढकलणार. बाईमाणूस घरात एकटी असताना असले धंदे करायचे, याचाच त्याला जास्त संताप आला.

तोंडी भांडून उपयोग नव्हता. एरॉल कॉलेजात शिकवतो, चर्चमध्ये वाचन करतो, गावात त्याला मान आहे. पुरावा हवा होता, आणि तो फर्डिनंडच्या घरातच होता. चर्चच्या सणाला घरातल्या सगळ्यांनी अंगणात उभं राहायचं आणि फोटो काढणाऱ्याने समोरच्या विहिरीच्या कठड्यावर चढायचं, असा त्याच्या वडिलांचा दंडक होता. जागा बदलायची नाही. त्यामुळे प्रत्येक फोटोत डावीकडे हे घर, उजवीकडे कुंपण आणि त्यापलीकडे एरॉलचं दार.

हलतं चित्र करणं फर्डिनंडला नवीन नव्हतं. गावाची वेबसाइट तोच सांभाळायचा. चर्चमधल्या मिस्साच्या वेळा, निधनवार्ता, पाणी कधी येणार, सगळं तोच टाकायचा. गेल्या नाताळात त्याने चार चित्रं जोडून लुकलुकणारा तारा केला होता, तेव्हा गावच्या परदेशातल्या मुलांनीसुद्धा फोन करून कौतुक केलं होतं. आता त्याने नऊ फोटो घेतले, कापून एका मापाचे केले आणि प्रत्येकाला एक सेकंद दिला. एकेकटा बघितला तर कुठल्याच फोटोत काही वावगं दिसत नव्हतं. कुंपण कुंपणासारखं. जोडल्यावर मात्र पितळ उघडं पडणार होतं. त्याला एवढी खात्री होती की चित्र चालवून बघायचीही त्याला गरज वाटली नाही.

आज संध्याकाळी गावाची सभा होती. तिच्या आधी त्याने एरॉलला हाक मारली. माणसाला एक संधी द्यावी, एवढा ख्रिस्ती धर्म त्याच्यात शिल्लक होता.

एरॉल आला आणि ओट्याच्या पायरीवर उभा राहिला. फर्डिनंडने त्याला बस म्हटलं नाही.

"कुंपणाचं बोलायचंय," फर्डिनंड म्हणाला. "सभेत सगळ्यांसमोर चूक कबूल करतोस, की हे वेबसाइटवर टाकू? नऊ वर्षांचे फोटो जोडलेत मी."

एरॉलने लॅपटॉपकडे बघितलं, मग डेल्फिनकडे. "अंकल, मी इतकी वर्षं कुंपणाचा शब्द तरी काढला का?"

"कसा काढशील? तोंड आहे का काढायला?"

"आंटी, तुम्ही तरी सांगा त्यांना."

"पंधरा दिवस सांगतेय," डेल्फिन खालच्या आवाजात म्हणाली. "ऐकतात कुठे."

"तिला मध्ये घेऊ नकोस," फर्डिनंड कडाडला. "तिच्या भिडस्तपणाचाच फायदा घेतलास तू. कबूल करतोस की नाही?"

"मी काय कबूल करू, अंकल? टाकू नका ते. तुमच्यासाठीच सांगतोय."

आता धमकीसुद्धा. फर्डिनंडचा उरलासुरला संयम संपला. त्याने बटण दाबलं. चित्र वेबसाइटच्या पहिल्या पानावर गेलं आणि लगेच त्याची लिंक गावाच्या ग्रुपवर. वर त्याने लिहिलं, 'जागा कोण चोरतंय ते सर्वांनी डोळ्यांनी पाहावं.' एरॉलच्या खिशातला फोन वाजला, डेल्फिनचा वाजला, पलीकडच्या घरात कुणाचा तरी वाजला.

"ये, बघ आता," फर्डिनंड म्हणाला आणि त्याने लॅपटॉप तिघांना दिसेल असा फिरवला.

चित्र सुरू झालं. घर जागच्या जागी होतं, एरॉलचं दार जागच्या जागी होतं. फोटोतली नातवंडं भराभर उंच झाली, फर्डिनंडचे केस पिकले. आणि कुंपण खरोखरच चालायला लागलं, त्याने सांगितलं होतं अगदी तसं, दर वर्षी वीतभर, एरॉलच्या दाराच्या दिशेने.