सकाळच्या प्रवेशाचा पिवळा

बाबा गेल्यापासून आईची झोप उडाली होती. दिवा मालवून ती मोबाइलमध्ये त्यांचा शेवटचा व्हिडिओ बघत राहायची: दवाखान्यातली खाट, उशीला टेकलेले बाबा, ट्यूबलाइटखाली निळसर पडलेलं हसू. "रात्री फोन नको, निळ्या उजेडानं झोप येत नाही," डॉक्टरांनी बजावलं. आई कसली ऐकते! मी नाटकांची प्रकाशयोजना करते. दिव्यांपुढे लावायच्या जिलेटिन कागदांतून सकाळच्या प्रवेशाचा पिवळा तुकडा काढला, मापात कापला आणि तिच्या फोनवर चिकटवला. "घे, आता हवं तितकं बघ." "माझा फोन काही तुझं स्टेज नाही," ती कुरकुरली. मग तिनं व्हिडिओ लावला. बाबांच्या गालांवर रंग आला होता. चादरीवर कोवळं ऊन पसरलं होतं. कितीतरी वेळ ती बघत राहिली. "उन्हात बसलात होय?" ती हळूच म्हणाली. "बसा निवांत. मी जरा पडते."