परत आलेले एकोणीस

नेर्मिनाचं पेन त्या आकड्यावर थांबलं.

"शेफिकाबाई, हे एकोणीस तुम्हीच लिहिलंत?"

"मीच. दोनदा मोजून." शेफिकाने ओले हात कमरेच्या फडक्याला पुसले. "ईदेला आणखीही कुणी आले असतील. त्या गर्दीत मोजायचं राहिलं."

तपासणीला आलेल्या नेर्मिनाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. झेनित्सा शहरातल्या या दुमजली घरात सहा मुलं राहत होती. अठरा पूर्ण झाली म्हणून अनाथालयाने बाहेर काढलेली, कुठेच घर नसलेली, पण कॉलेजात नाव घातलेली. शिक्षण संपेपर्यंत त्यांना इथे खोली मिळे, जेवण मिळे आणि घर सांभाळणाऱ्या शेफिकाची बोलणी मिळत. आजवर सत्तावीस जण इथून शिकून बाहेर पडले होते. घर पुढे चालवायचं की जूनअखेर बंद करायचं, हे नेर्मिनाच्या अहवालावर ठरणार होतं.

"रकाना नीट वाचलात का? 'बाहेर पडल्यावर परत आलेले.' म्हणजे ज्यांना स्वतःच्या पायावर उभं राहता आलं नाही, ते. पाचापेक्षा जास्त निघाले तर पैसे देणारी संस्था म्हणते, घर नापास."

शेफिका तिच्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, जितके जास्त तितकं चांगलं."

"चांगलं?"

"बाई, गेलेलं पोर पुन्हा फिरकलंच नाही तर ते घर कसलं? ती खानावळ झाली."

"खाली तुमची सही आहे. मला आकडा बदलता येत नाही."

"बदला म्हटलंय का मी? आले तेवढे आले."

दार उघडलं. घंटा न वाजवताच एक तरुणी आत आली. तिने बूट काढले, फळीवरच्या सपाता पायात घातल्या आणि सरळ चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं.

"बरोबर जेवणाच्या वेळेला उगवलीस, एल्मा," शेफिका म्हणाली.

"मग काय भांडी घासायच्या वेळेला येऊ, मावशी?" पाहुणी दिसताच एल्माने झाकण हळूच खाली ठेवलं.

"ही विसावी का?" नेर्मिनाने विचारलं.

"छे, एकोणिसातलीच. आठवड्यातून दोनदा येते, पण मी एकदाच धरलीय."

एल्माला राहवत नव्हतं. "मावशी, लग्नाची तारीख ठरली. सप्टेंबरातला दुसरा शनिवार. आदिसच्या आईने विचारलं, वऱ्हाड मुलीला न्यायला कुठे आणायचं? मी इथला पत्ता दिला. आधी तुला विचारायला हवं होतं. पण तोंडातून निघूनच गेलं."

शेफिकाने नेर्मिनाच्या पुढ्यातल्या कागदाकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसली.

एल्माचा चेहरा उतरला. "नको होतं का द्यायला?"

"तुला राहायला जागा नाही का?" नेर्मिनाने विचारलं.

"आहे की. रुग्णालयाजवळ भाड्याने घेतलीय. मी तिथे परिचारिका आहे."

"मग तिथूनच का निघत नाहीस?"

"तिथून?" एल्मा हसली. "वऱ्हाडाचं दार अडवायला भाऊ नको? रडायला कुणाचा गळा नको? एकटीच कुलूप लावून खाली उतरू आणि जिन्याच्या कठड्याला मिठी मारून रडू?"

शेफिकाने तोंड फिरवलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी मोठ्याने धडा पाठ करत होतं.

नेर्मिनाने चष्मा लावला. कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिथे तिने एल्माचं नाव लिहिलं, आणि पुढे: 'राहायला नाही. सासरी निघायला.'

"दुसरं नाव सांगा, शेफिकाबाई."

"सेनाद."

"तो कशाला आला होता?"

"बाळ दाखवायला."

"तिसरं?"

"वाहिद. बायकोशी भांडून आला. दोन वाट्या सूप प्यायला. मी चार शब्द सुनावले, तसा गेला घरी."

नेर्मिनाने तेही लिहिलं. सगळंच्या सगळं, सुपासकट. चौथं नाव विचारण्याआधी ती थांबली.

"वऱ्हाडाच्या गाड्या मागच्या गल्लीतून आणायला सांग, पोरी," मान वर न करताच नेर्मिना म्हणाली. "शनिवारी पुढच्या रस्त्यावर बाजार असतो."