भुईपर्यंत तार

करणने टीपॉय भिंतीला लोटला आणि फरशीवर घोंगडी अंथरली. सकाळी डॉक्टर येऊन गेले होते. गावापर्यंतचा रस्ता आता सोसणार नाही, एवढंच म्हणाले. जीव जायच्या आधी म्हाताऱ्याला भुईवर घ्यायची वेळ झाली, असं घरात कुणी बोललं नव्हतं. घोंगडी तेवढी बोलत होती.

पलंगावर करणचे वडील, कानिफनाथ आबा. अंगाखाली राखाडी चादर, तिच्यात चांदीचा धागा. कापड करणने मोबाईलवरून मागवलं होतं. त्याच्या बायकोने, रेश्माने ते मशीनवर शिवलं, कडेला टिचबटण लावून तार जोडली, आणि ती तार खिडकीतून तीन मजले खाली सोडून भिंतीकडेच्या मातीत पुरली. मातीचा गुण तारेतून अंगाला लागतो, झोप येते, असं विकणारे सांगत. सासऱ्याला चार्जिंगला लावलंय, म्हणून केडगावच्या त्या अख्ख्या जिन्यात हसू झालं. पण आबा झोपायला लागले. श्रीगोंद्याच्या मळ्यात जन्मभर अनवाणी हिंडलेल्या टाचा त्या चादरीवर घासत घासत झोपायचे.

करणने आबांच्या काखेत हात घातला, तसे त्यांनी डोळे उघडले.

"फरशीवर नगं रं."

"आबा, जरा खाली घेतो."

"खाली काय हाय? लोकांचं सैपाकघर हाय." त्यांना दम लागला. मग टाच चादरीवर सावकाश फिरली. "म्या भुईवरच हाय. तार लागलीय न्हवं, पोरी?"

"लागलीय, आबा," सून म्हणाली.

करण घोंगडीवर बसून राहिला. बापाचा हात त्याने हातात घेतला होता.

आबांच्या तोंडावर ऊन येत होतं. पडदा ओढायला रेश्मा खिडकीशी गेली आणि अर्ध्यावरच थांबली. खाली तारेचं टोक मातीत नव्हतं. वेटोळं करून कुणी ते पाइपाला अडकवलं होतं. वाऱ्याने हलत होतं.

आलेच, म्हणून ती निघाली. तीन जिने ती पळतच उतरली.

भिंतीकडेची माती गेली होती. तिथे नवे लाल ब्लॉक बसले होते, सांध्यांत वाळू अजून ओली. बन्सी वॉचमन पाइप धरून ते धूत होता. चिखल होतो म्हणून चेअरमननी सकाळीच काम उरकून घेतलं, म्हणाला. तार तुटू नये म्हणून त्यानेच जपून गुंडाळली होती.

तिने तार सोडवली. आवार भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशीबंद. फाटकाशी एक कडुनिंब होता, त्याचं आळं तेवढं उघडं. ती तार ओढत तिकडे निघाली. चार पावलांवर तार ताणली. पुढे येईना.

रेश्माने चपला काढल्या. तारेचं उघडं टोक डाव्या मुठीत धरलं, हात मागे ताणला, उजवा पाय पुढे टाकला. बोटं आळ्याच्या काठाला लागली. पाय आणखी ताणला. अंगठा मातीत गेला.

बन्सीने पाणी बंद केलं.

"वहिनी, शॉक बसंल."

"यात करंट नसतो, बन्सीदादा."

"मग काय असतं?"

तिने वर पाहिलं. खिडकीतला पडदा तसाच अर्धा होता.

थोड्या वेळाने करण आबांचा हात सोडून खिडकीत आला. त्याने हाक मारली नाही. हळूच म्हणाला, आणि तीन मजल्यांवरून तिला ते स्वच्छ ऐकू आलं.

"रेश्मा, ये आता वर."

तिने मूठ घट्ट केली. अंगठा मातीत आणखी खोल रोवला.